इस्त्रीच्या कपड्यांना पाणी कसं मारावं

सुती कपड्याची इस्त्री नीट झाली नाही की आपण इस्त्रीला नावं ठेवतो. जुनी झाली, तापत नाही, वजनाला हलकी आहे. बहुतेक वेळा गडबड पाण्याची असते. पाणी मारलेलंच नसतं, नाहीतर हातानं शिंपडल्यामुळे एक बाही चिंब आणि दुसरी कोरडी राहिलेली असते, नाहीतर पाणी मारल्या मारल्या वरून इस्त्री फिरवलेली असते. हे तिन्ही दोष घालवायला महागडी वाफेची इस्त्री लागत नाही. एक-दोन लिटरचा हातपंपाचा फवारा पुरतो. तो कसा निवडायचा, कसा मारायचा आणि मारल्यावर किती थांबायचं, ते सगळं इथे सांगतो.

मी इंदूरच्या एका कापड मिलमध्ये फिनिशिंग खात्यात होतो. खळ देऊन वाळवलेलं कापड कॅलेंडरच्या, म्हणजे कापड दाबून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राच्या, तापलेल्या रुळांत जाण्याआधी आमच्याकडे पाणी मारायच्या मशीनवरून जायचं. आम्ही त्याला डॅम्पिंगच म्हणायचो. रचना अगदी साधी. खाली पाण्याची लांब पन्हळ आणि तिच्यातल्या पाण्याला जेमतेम टेकलेला लांब गोल ब्रश. ब्रश गरगर फिरला की केसांवरचं पाणी बारीक तुषार होऊन वर उडायचं आणि वरून सरकत जाणाऱ्या कापडाला लागायचं. पन्हळीतलं पाणी बोटभर जरी चढलं तरी तुषारांच्या जागी थेंब उडायला लागायचे आणि कॅलेंडरमधून निघालेल्या कापडावर त्या थेंबांचे चट्टे चमकायचे. म्हणून पाण्याच्या पातळीवर सारखी नजर ठेवावी लागे. ओलावलेलं कापड रोलवर गुंडाळलं की लगेच पुढे द्यायचं नाही, हा तिथला दंडक होता. रोल काही तास तसाच पडून राहायचा. कोणी घाई केली की जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, एवढंच म्हणायचा, “मुरू दे.”

मिल बंद पडली, मशीन भंगारात गेली, पण त्या खात्यातली रीत नंदानगरच्या आमच्या घरात आजही चालू आहे. पाणी बारीक असावं, सगळीकडे सारखं पडावं आणि त्याला मुरायला वेळ मिळावा. बाकी सगळा तपशील याच्या पोटात येतो.

कारण समजलं की हात आपोआप नीट चालतो, म्हणून थोडं कारण सांगतो. कापूस हवेतली ओल धरून ठेवतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत, पूर्ण कोरड्या १०० ग्रॅम सुतामागे साधारण साडेआठ ग्रॅम पाणी धरतात. रेशमाचा आकडा ११च्या आसपास, लोकरीचा १६च्या आसपास, आणि पॉलिएस्टरचा अर्ध्या टक्क्याच्याही खाली. आता आपल्याकडचे एप्रिल-मे डोळ्यांपुढे आणा. माळव्यातली दुपारची हवा इतकी कोरडी असते की गच्चीवर टाकलेला कुर्ता बघता बघता कडकडीत होतो. त्या सुतात धरायला हवी तेवढी ओल उरलेलीच नसते. कोरड्या तंतूच्या आतले बंध घट्ट असतात, त्यामुळे तो जसा वाकलाय तसाच राहतो. पाणी आत शिरलं की ते बंध सैल होतात. मग वरून उष्णता आणि दाब दिला की पाणी उडून जातं आणि बंध पुन्हा जुळतात, या वेळी कापड सपाट असताना. म्हणजे सुरकुती सैल करतं ते पाणी, आणि कापड सपाट धरून वाळवते ती इस्त्री. कोरड्या कुर्त्यावर तुम्ही कितीही जोर लावा, कापड चकाकेल, पिवळं पडेल, पण चुणी तिथेच राहील.

वाफेची इस्त्री वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पातळ कापडाला, रोजच्या शर्टाला ती चालते. पण खादीचा जाड कुर्ता, धोतर, पलंगपोस यांच्या पोटात शिरायला त्या वाफेला वेळच मिळत नाही. वाफ लागते आणि पुढच्या क्षणी वरून इस्त्रीचा तापलेला तवा फिरून ती उडून जाते. त्यात बोरिंगचं पाणी घातलं की भोकं क्षारानं बुजतात आणि पांढऱ्या कपड्यावर खपल्या पडतात, ते वेगळंच.

पूर्वी प्रेसवाले तोंडात पाणी भरून फवारा मारत, हे आमच्या वयाच्या लोकांनी पाहिलेलं आहे. अमेरिकेत लॉन्ड्री चालवणाऱ्या चिनी कारागिरांचीही तीच रीत होती. तिथल्या घरांमध्ये बायका सोड्याच्या रिकाम्या बाटलीला भोकांचं बूच लावून पाणी शिंपडत, कपड्यांच्या गुंडाळ्या करत आणि इस्त्रीला वेळ नसला तर त्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवत. मुरवायचं हे त्यांनाही कळलेलं होतं. तोंडाचा फवारा खरोखर बारीक पडायचा, पण तो स्वच्छ नव्हे, आणि आता त्याची गरजही नाही.

फवारा घेताना

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक खटका दाबायची साधी बाटली. खटका एकदा दाबला की साधारण एक मिलिलिटर पाणी निघतं. एका सुती कुर्त्याला चाळीसेक मिलिलिटर लागतं, म्हणजे कुर्त्यामागे चाळीस वेळा खटका. घरात चार माणसांचे कपडे असतील तर बोटं दुखून येतात, आणि बोटं दुखली की माणूस उरकायला बघतो. एखाददुसऱ्या शर्टाला ही बाटली ठीक.

दुसरा प्रकार म्हणजे वर दांडा असलेला प्रेशरचा फवारा, बागेत झाडांवर पाणी मारायला वापरतात तो. मी हाच घ्या म्हणतो. इंदुरात सियागंजच्या हार्डवेअरवाल्यांकडे मिळतो, नर्सरीतही मिळतो. एक किंवा दोन लिटरचा घ्या. त्याहून मोठा भरल्यावर एका हातात पेलत नाही. तोंडाची नळी पितळेची असली तर उत्तम. घेताना तीन गोष्टी दुकानातच पाहा. दांडा वर-खाली करताना खाली जाताना अडायला हवा, सैल घसरला तर आतलं वॉशर गेलेलं आहे. झाकणाजवळ हवा सोडायचा छोटा व्हॉल्व्ह असायला हवा. आणि तोंडाची चकती फिरवल्यावर सरळ धारेपासून पसरट तुषारापर्यंत फरक दिसायला हवा. दुकानदाराकडून पाणी भरून मारून बघा, लाजू नका. कीटकनाशकासाठी कधी वापरलेला फवारा कपड्यांना कितीही धुऊन वापरू नका.

हा चालतो कसा, तेही बघून ठेवा, म्हणजे बिघडला तर तुमचा तुम्हाला दुरुस्त करता येईल. दांडा खाली दाबला की नळकांड्यातली हवा तळाच्या रबरी पडद्यातून बाटलीत जाते. तो पडदा हवेला परत येऊ देत नाही. असं करत पाण्याच्या वर हवा दाबून बसते. खटका दाबला की ती हवा पाण्याला आतल्या नळीतून वर ढकलते. तोंडाशी आत एक छोटी खुंटी असते, तिच्यावर तिरप्या खाचा असतात. त्या खाचांतून पाणी गिरक्या घेत बाहेर पडतं, म्हणून त्याचे तुषार होतात. खाचा बुजल्या की पाणी नुसतं पिचकारतं. आणि हवेला जागा लागते, म्हणून बाटली गळ्यापर्यंत कधी भरायची नाही. दोन तृतीयांश भरा, पंधरा-वीस वेळा दांडा मारा, आणि फवारा ढिला पडला की पुन्हा पाच-सहा वेळा.

पाणी कोणतं

आपल्या इंदूरच्या नळाला नर्मदाकाठच्या जलूदहून येतं ते नर्मदेचं पाणी साध्या सुती कपड्याला चालतं. बोरिंगचं पाणी नको. माळव्याचा खडक काळा, पाण्यात क्षार जास्त. तुषार सुकले की गडद रंगाच्या कुर्त्यावर बारीक पांढरे ठिपके राहतात आणि फवाऱ्याचं तोंडही बुजतं. घरात आरओ असेल तर इस्त्रीपुरतं एक लिटर त्याचं घ्या. कोमट पाणी थंड पाण्यापेक्षा सुतात लवकर शिरतं, पण कोमट म्हणजे बोटाला सुखद लागेल एवढंच. गरम पाण्यानं प्लॅस्टिकची बाटली दाबाखाली फुगते. पाण्यात अत्तर, गुलाबपाणी घालायची हौस पुष्कळांना असते. मी घालत नाही. तेलकट अंश असेल तर इस्त्रीखाली डाग पक्का होतो.

पाणी मारताना

आधी रद्दी वर्तमानपत्रावर मारून बघा. हे टाळू नका. कागद भिंतीला टेकवून उभा करा, एक हातभर अंतरावरून एकदाच फवारा मारा आणि जवळ जाऊन नीट बघा. ठिपके मोहरीहून बारीक आणि एकमेकांपासून सुटे असतील तर चकती बरोबर लागली आहे. मध्ये एक मोठा ओला गोळा आणि कडेला शिंतोडे असतील तर चकती आणखी फिरवा किंवा दाब वाढवा. कमी दाबात थेंब मोठे पडतात, म्हणून फवारा ढिला पडायच्या आधीच दांडा मारत राहायचं.

कपडा टेबलावर किंवा स्वच्छ चादरीवर पसरा. उलटी बाजू वर ठेवा. फवारा हातभर उंच धरा आणि हात सतत चालता ठेवा. खटका कपड्याच्या बाहेर दाबायला सुरुवात करायची आणि बाहेरच सोडायचा. सुरुवातीचा आणि शेवटचा थेंब नेहमी मोठा असतो, तो कपड्यावर पडता कामा नये. डावीकडून उजवीकडे एक पट्टा, परतताना अर्धा पट्टा खालच्यावर चढवून दुसरा. जिथे कापड दुहेरी-तिहेरी आहे, म्हणजे कॉलर, मनगटपट्टी, खिसा, बटणपट्टी, तिथे आणखी एक फेरी.

किती पाणी, याला माझं माप असं: सुक्या कपड्याच्या वजनाचा सहावा-सातवा भाग. अडीचशे ग्रॅमचा कुर्ता असेल तर चाळीस ग्रॅमच्या आसपास. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर कपडा आधी सुका आणि मग पाणी मारून तोलून बघा. मग पुढे तोलायची गरज राहत नाही, हाताला कळतं. मी तळहातानं नाही, हाताच्या पाठीनं बघतो. तळहात कामानं राठ झालेला असतो, पाठीला ओल लगेच समजते. कपडा गार लागायला हवा पण हात ओला व्हायला नको. मूठभर कापड चुरगाळून सोडलं तर ते आवाज न करता सावकाश उलगडायला हवं. खरखर वाजलं तर पाणी कमी आहे. बोटांच्या खुणा काळपट ओल्या उमटल्या तर जास्त झालंय, पंख्याखाली थोडा वेळ टाका.

खादीला आणि लिननला पाचव्या भागापर्यंत पाणी चालतं. टेरिकॉटला, म्हणजे सूत आणि पॉलिएस्टरच्या मिश्र कापडाला, निम्मं.

मग गुंडाळा. बाह्या आत घ्या, कपडा लांबीत दुमडा आणि घट्ट गुंडाळी करा. घडी नव्हे, गुंडाळी. घडीत ओल कडांना जाऊन बसते. गुंडाळीत ओला भाग कोरड्या भागाला चिकटून राहतो आणि ओल पसरत पसरत सगळीकडे सारखी होते. सगळ्या गुंडाळ्या शेजारी शेजारी एका स्वच्छ पंचात किंवा जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधा आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी घाला. पातळ शर्टाला अर्धा-पाऊण तास, जाड कुर्त्याला दोन तास. उन्हाळ्यात मी संध्याकाळी पाणी मारून गाठोडं रात्रभर ठेवतो आणि सकाळी गारव्यात इस्त्री करतो. तव्यासमोर उभं राहायला तीच वेळ बरी. पावसाळ्यात मात्र हे अजिबात करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये तीन-चार तासांच्या वर ओलं गाठोडं ठेवायचं नाही. बुरशीचे काळे ठिपके एकदा सुतात धरले की जात नाहीत. त्या दिवसांत पाणीही निम्मंच लागतं, कारण हवेनं अर्धं काम आधीच केलेलं असतं. आणि इस्त्रीला वेळ मिळणार नाही असं दिसलं तर गाठोडं सोडून कपडे सरळ दांडीवर टाका.

रेशीम, जरी आणि बाकीचे

रेशमावर फवारा थेट मारायचा नाही, थेंबाचा वळ राहतो. त्याला वेगळी रीत आहे. एक पातळ मलमलीचं फडकं फवाऱ्यानं एकसारखं ओलं करा, त्यावर रेशमी कपडा उलट्या बाजूनं पसरा आणि दोन्ही मिळून गुंडाळा. वीस मिनिटांत फडक्याची ओल रेशमात उतरते आणि एकही थेंब दिसत नाही. महेश्वरी साडीला हीच रीत सगळ्यात चांगली. तिचा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो, म्हणजे एकाच कापडात दोन स्वभाव. सुताला ओल हवी आणि रेशमाला थेंब नको. मलमलीतून दोघांचंही भागतं. जरीच्या किनारीवर पाणी नको आणि तापलेला तवाही थेट नको. वर सुकं फडकं टाकून, उलट बाजूनं, मध्यम तापावर.

पॉलिएस्टर पाणी पीतच नाही, त्यामुळे त्याला मुरवण्यात अर्थ नाही. हलका फवारा मारा आणि लगेच इस्त्री फिरवा. लोकरीवर ओलं फडकं टाकून वरून दाबायचं, घासायचं नाही. मखमलीला फवारा नको आणि इस्त्रीही नको. बांधणी किंवा कच्च्या रंगाचं काही असेल तर आतल्या शिवणीवर एक फवारा मारून पांढऱ्या फडक्यानं दाबून बघा. फडक्याला रंग लागला तर तो कपडा पाण्याच्या वाटेला नेऊ नका.

खळ द्यायची तर

धोतराला, सुती साडीला खळ बादलीतच द्यावी. फवाऱ्यातून फक्त कॉलर, मनगटपट्टी आणि टोपीला द्यायची. चमचाभर आरारूट थोड्या गार पाण्यात कालवून अर्धा लिटर उकळत्या पाण्यात सोडा, पारदर्शक होईपर्यंत ढवळा, पूर्ण गार करा आणि दुहेरी मलमलीतून गाळा. हे मोठ्या फवाऱ्यात भरू नका. यासाठी खटक्याची छोटी बाटली वेगळी ठेवा आणि उरलेली खळ त्याच दिवशी टाकून द्या. ती आंबते आणि तोंड कायमचं बुजवते. गणपतीच्या आरतीला पांढरी टोपी उभी राहायला हवी असेल तर खळ मारून, पंधरा मिनिटं मुरवून, तव्याला चिकटणार नाही इतपत सुकल्यावर इस्त्री करा.

इस्त्री करताना

इस्त्रीवरचा एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २०० सेल्सिअस. कमी तापाचे कपडे आधी घ्या, सुती शेवटी. तवा तापायला वेळ लागत नाही, निवायला लागतो. गाठोड्यातून एका वेळी एकच गुंडाळी काढा आणि बाकीचं पुन्हा झाका, पंखा बंद ठेवा. कॉलर टोकाकडून मध्याकडे, मग मनगट, बाही, आणि शेवटी पाठ नि पुढा. एक भाग पूर्ण सुकेपर्यंत तवा दुसऱ्या भागावर नेऊ नका, पण एका जागी थांबूही नका, त्याच भागावर सावकाश फिरवत राहा. वाफ यायची थांबली की तेवढा भाग झाला. किंचित दमट राहिलेली बाही कपाटात गेली की तिथे पुन्हा चुण्या धरते, म्हणून इस्त्री झालेला कपडा घडी घालण्याआधी पाच-दहा मिनिटं हँगरला राहू द्या. फवारा इस्त्रीच्या दिशेनं कधीही मारायचा नाही. पाणी मारायची जागा आणि प्लगची जागा लांब ठेवा, ओल्या हातानं स्विचला लागू नका. आमच्या घरी नातवंडांना फवारा खेळायला फार आवडतो, तेव्हा इस्त्रीची पिन आधी काढतो.

फवाऱ्याची निगा

काम झालं की व्हॉल्व्हनं हवा सोडा, हवा पूर्ण गेल्यावरच झाकण उघडा. दाबाखाली झाकण उघडलं तर दांडा तोंडावर येतो. उरलेलं पाणी ओतून टाका आणि बाटली उलटी ठेवा. तोंड बुजलं तर सुई किंवा टाचणी घालू नका. भोक एका बाजूनं रुंद झालं की तुषार तिरपा पडतो आणि तो नंतर सरळ होत नाही. तोंडाचा भाग उघडून आतली खुंटी काढा, पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून त्यात अर्धा तास बुडवा, आणि जुन्या टूथब्रशनं खाचा साफ करा. क्षार सुटतो.

दांडा सैल पडायला लागला तर वॉशर वाळलेलं असतं. लोक त्याला खोबरेल लावतात. तेलानं रबर फुगतं आणि मग दांडा अडकून बसतो. सिलिकॉनचं ग्रीस थोडं लावा. तरीही हवा धरत नसेल तर तळाचा रबरी पडदा काढून त्याखाली वाळूचा कण अडकलाय का ते बघा, कारण बऱ्याचदा बिघाड तेवढाच असतो. पडदा चिरला असेल तर सियागंजात सुटा मिळतो. जुना सोबत घेऊन जा, म्हणजे मापाचा मिळेल.